आलेखापाशी थोडं थांबून

अंगणवाडीत बाळाच्या वजनाचं कार्ड असतं. ते डोळ्यांसमोर आणा. डोळे मिटायची गरज नाही, श्वास मोजायचीही नाही. हे मनन उघड्या डोळ्यांनी करायचं आहे. पथ्य एकच, घाई करायची नाही. चित्र दिसलं की डोळा लगेच निष्कर्षावर उडी मारतो. आज त्याला थोडा वेळ धरून ठेवू.

कार्ड बऱ्याच हातांतून फिरून घड्यांवर मऊ पडलेलं आहे. आत आलेख छापलेला. खालच्या आडव्या रेषेवर महिने, डावीकडच्या उभ्या रेषेवर किलो. मधल्या जागेत रंगीत पट्टे डावीकडून उजवीकडे चढत गेलेत. वर हिरवा, त्याखाली पिवळा, तळाशी केशरी. सुरुवातीला पट्ट्यांचा चढ चांगलाच उभा आहे, मग तो कलत जातो, कारण पहिल्या सहा महिन्यांत बाळ जितक्या झपाट्याने भरतं तितकं पुढे भरत नाही. महिन्यातून एकदा ताई बाळाला काट्याच्या झोळीत ठेवतात. बाळ रडतं, पाय झाडतं, काटा हलत राहतो. तो स्थिर झाला की ताई वजन वाचतात आणि कार्डावर एक ठिपका देतात.

ठिपक्याकडे इतक्यात जाऊ नका. आधी नुसत्या कडा पाहा. खाली वय, डावीकडे वजन. या दोन रेषांनी मिळून एक प्रश्न ठरवून टाकला आहे, की या वयाच्या बाळाचं वजन किती? कार्डाने याखेरीज काहीही विचारलेलं नाही. बाळ हसतं का, रांगायला लागलं का, घरात दूधदुभतं आहे का, यातलं काहीच या चौकटीत बसत नाही. कुठलाही आलेख घ्या, काय बोलायचं आणि कशावर गप्प राहायचं हे तो कडांपाशीच ठरवून आलेला असतो. आलेख कागदाच्या उजव्या कोपऱ्यात ‘प्रमाण’ लिहिलं नाही की शाळेत बाई मार्क कापतात, आणि पोरांना तो निव्वळ छळ वाटतो. बाईंचं बरोबर असतं. आलेखातला सगळ्यात प्रामाणिक मजकूर त्या कोपऱ्यात असतो.

थोडं थांबा. आता पट्टे.

हे पट्टे कुणी ओढले? जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली मुलांच्या वाढीची नवी मानकं प्रसिद्ध केली. त्यासाठी ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली साडेआठ हजारांच्या आसपास मुलं मोजली होती. भारतातली मुलं दिल्लीची. निवडताना अटी होत्या. आई अंगावर पाजणारी हवी, सिगारेट ओढणारी नको, घरची परिस्थिती वाढीच्या आड येणारी नको. आणि दिसलं असं, की एवढी सोय झाली तर ओस्लोचं मूल आणि दिल्लीचं मूल पहिल्या पाच वर्षांत जवळपास सारखंच वाढतं. म्हणजे ‘आमच्याकडची पोरं मुळातच बारीक’ हे आपलं ठेवणीतलं वाक्य या कार्डाला मान्य नाही. हिरवा पट्टा नुसता पार्श्वभूमीला आहे असं वाटतं, पण त्याने एक बाजू घेतलेली आहे.

आता ठिपका. समजा, एक मुलगी आहे. नववा महिना, वजन ७ किलो ४०० ग्रॅम. ठिपका हिरव्यात. दहावा महिना, ७ किलो ४००. हिरव्यात. अकरावा महिना, पुन्हा ७ किलो ४००. अजून हिरव्यातच, पिवळ्याची वरची कड ६ किलो ९०० ग्रॅमपाशी आहे, म्हणजे अर्ध्या किलोचं अंतर शिल्लक आहे. रजिस्टरमध्ये तीनही महिने ‘साधारण’ असाच शेरा पडेल.

हे तीन ठिपके मनातल्या मनात जोडा. रेषा आडवी झाली. पट्टे मात्र चढताहेत. थोडा वेळ रेषेकडे पाहत राहा, पिवळा पट्टा खालून तिच्याकडे येताना दिसेल. वजन घटलेलं नाही, तरी मुलगी मागे पडते आहे. या वयात रेषा आडवी झाली की कुठेतरी बिनसलेलं असतं. वरचं अन्न पुरेसं सुरू झालेलं नसतं, जुलाब होऊन गेलेले असतात, ताप सारखा येत असतो. जाणत्या ताई रंगावर थांबत नाहीत, रेषेचा कल बघतात आणि चौकशीला घरी जातात.

या तऱ्हेचं कार्ड जगभर पोहोचवण्यात डेव्हिड मॉर्ली या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाचा मोठा वाटा होता. पश्चिम नायजेरियातल्या इमेसी गावी काम करताना त्याने ते घडवलं. रेषांच्या मधून वर जाणाऱ्या वाटेला नाव दिलं ‘आरोग्याचा रस्ता’, आणि कार्ड दवाखान्याच्या कपाटात न ठेवता आईच्या हातात दिलं. आलेखाचं नाव काढलं की आपल्याला शेअर बाजार आठवतो. मला विचाराल तर गेल्या शतकातल्या सर्वांत उपयोगी आलेखांत हे कार्ड वरच्या रांगेत बसेल.

आता मुलीला आईच्या मांडीवर सोडून प्रश्न बदलू. गावातल्या चार वाड्यांपैकी कुठल्या वाडीत पिवळ्यातली मुलं जास्त? इथे काळ नाही, तुलना आहे. रेषेचं काम संपलं, स्तंभांचं सुरू झालं. एकूण मुलांपैकी हिरव्यात किती, पिवळ्यात किती, केशरीत किती? हे वाटे झाले. आईचं वजन आणि बाळाचं जन्मवजन यांचा संबंध दिसतो का? मग प्रत्येक जोडीला एक ठिपका. कुठल्या पाणवठ्याभोवती जुलाब जास्त? नकाशा काढा. पाठ्यपुस्तकात स्तंभालेख, जोडस्तंभालेख, वृत्तालेख, आयतालेख अशी नावं ओळीने येतात, त्यामुळे ते आवडीप्रमाणे उचलायचे असतात असा समज होतो. खरं तर प्रश्न नीट विचारला की आलेखाचा प्रकार बहुतेक वेळा आपोआप ठरतो.

स्तंभालेखाचा जन्म तर अडचणीतून झाला. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसाने १७८६ साली व्यापाराच्या आलेखांचा ॲटलास छापला. त्यात ४४ आलेख, एक सोडून सगळे काळाच्या रेषेवर बसवलेले. स्कॉटलंडपाशी गाडी अडली. हाताशी एकाच वर्षाचे आयात-निर्यातीचे आकडे होते. वर्षंच नाहीत तर रेषा ओढायची कशाची? मग त्याने १७ देशांपुढे लहानमोठ्या पट्ट्या काढून वेळ मारून नेली. त्यात काळ नाही म्हणून हा आलेख कमी उपयोगाचा, असं वर लिहूनही ठेवलं. आज त्याच्या सगळ्या कामगिरीतली तीच पट्टी आपण सर्वांत जास्त वापरतो. १८०१ साली त्याने वृत्तालेखही काढला, आणि त्याबद्दल त्याला माफ करायचं की नाही यावर लोक अजून भांडतात.

इथे एक छोटा प्रयोग करा. एका वर्तुळाचे पाच वाटे कल्पा. त्यातला एक २७ टक्क्यांचा, वरच्या बाजूला. दुसरा ३१ टक्क्यांचा, खाली डावीकडे. आकडे पुसून टाका. मोठा कुठला? मन घुटमळतं. आता तेच दोन आकडे एका जमिनीवर शेजारी उभे करा. क्षणात कळतं. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ साली हे प्रयोगांनी तपासलं. एकाच मोजपट्टीवरच्या जागा आपला डोळा सर्वांत अचूक ताडतो. मग लांबी, मग कोन, मग क्षेत्रफळ, आणि रंगाच्या गडदपणापाशी तो पार चाचपडतो. अर्धा वाटा किंवा पाव वाटा दाखवायला वर्तुळ छान आहे. सात रंगांचे सात वाटे, त्यात वर्तुळाला जाडी देऊन ते तिरकं केलेलं, की पुढचा वाटा उगाच मोठा दिसू लागतो. तसलं चित्र दिसलं की मी सरळ पान उलटतो.

क्षेत्रफळ फसवतं हे ठाऊक असूनही एक चित्र मनातून जात नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५८ साली क्रिमियाच्या युद्धातल्या ब्रिटिश सैन्याच्या मृत्यूंचा आलेख छापला. दर महिन्याला केंद्रातून निघणारी एक पाकळी. टाळता येण्याजोग्या रोगांनी गेलेले निळे, जखमांनी गेलेले लाल. जानेवारी १८५५ची पाकळी शोधा. रोगांनी २,७६१, जखमांनी ८३. निळ्यापुढे लाल जवळपास दिसतच नाही. तिने आकड्यांचे तक्तेही दिले होते, पण तक्ते कोण वाचणार, हे तिला पक्कं माहीत होतं.

टीव्हीवरच्या आलेखांचं एक वेगळंच. ४८ टक्के आणि ५२ टक्के असे दोन स्तंभ असतात, आणि दुसरा पहिल्याच्या दुपटीहून उंच. खालची कड शोधा. ती शून्यावर नाही, ४५ वर आहे. म्हणजे दिसतात ३ आणि ७. स्तंभ लांबीने बोलतो, त्याचे पाय कापले की तो खोटं बोलतो. रेषेला मात्र हा नियम लावू नका. तापाच्या तक्त्यात शून्यापासून सुरुवात केली तर ९९ आणि १०३ मधला फरक दिसणारच नाही, आणि पेशंटचे हाल होतील.

आता रेल्वेचा आलेख पाहायला कोकणात जाऊ. उभ्या बाजूला स्टेशनं एकाखाली एक लिहा. खेड, चिपळूण, संगमेश्वर, रत्नागिरी. आडव्या बाजूला दिवसाचे तास. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेषा. मुंबईहून निघालेली वरून खाली येते, मडगावहून निघालेली खालून वर जाते. रेषा जितकी उभी, तितका वेग. गाडी थांबली की रेषा आडवी. दोन उलट्या रेषा एकमेकींना जिथे छेदतात, तिथे दोन गाड्या समोरासमोर. मार्ग एकेरी असेल तर हा छेद स्टेशनावरच पडला पाहिजे, दोन स्टेशनांच्या मधल्या रानात पडून चालणार नाही. म्हणून कुठल्याशा लहान स्टेशनात आपली गाडी वीस मिनिटं उभी राहते, डब्यात कुणीतरी ‘क्रॉसिंग आहे वाटतं’ म्हणतं आणि शेंगांची पुडी उघडतं. फ्रान्समधल्या पॅरिस-लिआँ मार्गाचा असा आलेख एतियेन-ज्यूल मारे याने एकोणिसाव्या शतकात आपल्या पुस्तकात छापला, आणि तो प्रसिद्ध आहे. आपल्या रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसांतही असा आलेख वर्षानुवर्षं हाताने काढत असत, आता संगणकावर उमटतो.

मुलीच्या कार्डावर आडवी रेषा काळजीची होती. इथे आडव्या रेषेमुळे माणसं सुखरूप घरी पोहोचतात. रेषा तशीच, कडा बदलल्या. यावर हवा तितका वेळ थांबा.

यानंतर जे चित्र आहे त्याला सवड काढूनच बसावं लागतं. शार्ल जोसेफ मिनार हा फ्रान्सच्या रस्ते-पूल खात्यातला निवृत्त इंजिनिअर. १८६९च्या नोव्हेंबरात, वयाच्या ८८व्या वर्षी, त्याने नेपोलियनच्या १८१२च्या रशिया मोहिमेतल्या फ्रेंच सैन्याच्या हानीचा नकाशा प्रसिद्ध केला. शीर्षकात नेपोलियनचं नाव नाही, माणसांच्या हानीचा उल्लेख आहे.

डावीकडे नीमन नदी. तिथून एक फिकट रंगाचा जाड पट्टा निघून उजवीकडे मॉस्कोला जातो. तिथून काळा पट्टा परत येतो. पट्ट्याची जाडी म्हणजे माणसं, एक मिलिमीटरला दहा हजार. जवळ पेन्सिल असेल तर कागदावर मिलिमीटरभर जाडीची एक रेघ ओढा. एखाद्या तालुक्याच्या गावातले सगळे तरुण या जाडीत मावतील. घाई नाही, पाहा तिच्याकडे.

नीमनपाशी ४,२२,००० माणसं, म्हणजे चार सेंटिमीटरहून जाड पट्टा. मॉस्कोला १,००,०००, एक सेंटिमीटर. परतीचा काळा पट्टा झिजत झिजत येतो. बेरेझिना नदीपाशी बोट ठेवा. अलीकडे ५०,००० लिहिलंय, पलीकडे २८,०००. नदी ओलांडताना पट्टा एकदम निम्म्यावर येतो. शेवटी नीमनला परतताना १०,०००. आपण आत्ता ओढलेली ती मिलिमीटरभर रेघ. नकाशाखाली तापमानाचा आलेख आहे, त्याच्या रेषा वरच्या काळ्या पट्ट्याला बांधलेल्या. ६ डिसेंबरला पारा रोमर मापाच्या उणे ३० अंशांवर, म्हणजे सेल्सिअसमध्ये उणे साडेसदतीस.

गोष्ट कळली असं वाटतं. थंडीने सैन्य मारलं.

आता पुन्हा वरच्या फिकट पट्ट्याकडे या. हा पट्टा जून ते सप्टेंबरचा, भर उन्हाळ्यातला. याच वाटेवर ४,२२,०००चे १,००,००० झाले. काही तुकड्या वाटेत बाजूला वळवल्या होत्या, त्यांच्या शाखा मिनारने वेगळ्या दाखवल्यात. तरीही मोठी हानी उरतेच. उपासमार, टायफस, जुलाब, पळून जाणं, लढाया. परतीची थंडी सुरू व्हायच्या आधीच सैन्याचा कणा मोडला होता. मिनारने यातलं काहीही लपवलेलं नाही, आकडे पट्ट्यावरच लिहिलेत. पण तापमानाची रेषा फक्त परतीला जोडलेली आहे, उन्हाळ्याच्या प्रवासाखाली कुठलीच रेषा नाही, न भुकेची, न तापाची. दोन गोष्टी शेजारी दिसल्या की डोळा त्यांची कार्यकारणाची गाठ मारून मोकळा होतो. चित्र जितकं सुंदर, तितकी ही गाठ घट्ट. जगातल्या सर्वोत्तम आलेखांत या नकाशाची गणना होते आणि ती रास्त आहे. तरी त्याच्यापुढे बसून ‘उन्हाळ्याखालची जागा रिकामी का?’ असं विचारायला हवं.

मग आलेखच नको, आकडेच बरे? तेही नाही. फ्रान्सिस ॲन्सकोम्ब या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ साली आकड्यांचे चार संच दिले. प्रत्येकात ११ जोड्या. चारही संचांत पहिल्या आकड्याची सरासरी ९, दुसऱ्याची साडेसात, सहसंबंध ०.८२च्या आसपास, जुळवलेली सरळ रेषाही तीच. कागदोपत्री चौघं जुळे. आलेख कागदावर मांडले, तर पहिल्यात ठिपके एका रेषेभोवती विखुरलेले, दुसऱ्यात छान कमान, तिसऱ्यात सरळ ओळ आणि एकच ठिपका ओळ सोडून वर उडालेला, चौथ्यात सगळे एकावर एक उभे आणि एक दूर एकटा. कुठल्याही सरासरीपुढे मान डोलावण्याआधी हे चार चौकोन आठवावेत.

साधनांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण ती बदलत राहतात. ऑफिसातली बहुतेक कामं एक्सेल किंवा गुगल शीट्सवर होतात आणि व्हावीत. बातमीसोबत नीटस आलेख हवा असेल तर डेटारॅपर, नकाशाला क्यूजीआयएस, कंपन्यांत टॅब्लो आणि पॉवर बीआय. प्रोग्रॅमिंग येत असेल तर पायथनमध्ये मॅटप्लॉटलिब, आर या भाषेत जीजीप्लॉट२. या शेवटच्याबद्दल मला विशेष आपुलकी आहे. लीलंड विल्किन्सनच्या १९९९ सालच्या ‘ग्रामर ऑफ ग्राफिक्स’ या पुस्तकातल्या विचारावर ते उभं आहे, आणि ते आधी विचारतं की आडव्यावर काय, उभ्यावर काय, रंग कशाचा. रेषा हवी की स्तंभ, हे नंतर. बाकीच्या बऱ्याच ठिकाणी आधी चित्रांची रांग समोर येते, तुम्ही एक बटण दाबता आणि प्रश्न विचारायचा राहूनच जातो.

म्हणून एक विनंती आहे. विजेच्या बिलांवरून मागच्या बारा महिन्यांचे युनिट उतरवून घ्या. पोरांच्या दप्तरातून आलेख कागद मागा. खालची कड शून्यावर ठेवा, महिने आडवे लिहा, एकेक स्तंभ पेन्सिलीने हळूहळू भरा. मे वर जाईल, त्यात नवल नाही. ज्या महिन्याची उंची तुम्हाला अपेक्षित नव्हती त्या एकाच स्तंभापाशी थांबा. त्या महिन्यात घरात कोण आलं होतं, कोण आजारी होतं, कुठला दिवा रात्रभर जळत होता, हे आठवा. सुचेल ते कारण लगेच त्याच्यावर लिहू नका, शेजारच्या दोन महिन्यांशी ते जुळतं का बघा. एवढं हाताने करून झालं, की मग खुशाल एक्सेल उघडा.